दिसणारी शिट्टी

ग्वाल्हेर
४ जुलै २०२४

ती. लीलाताई,

नमस्कार जरा मोठ्यानेच करतो आहे. का, ते पुढे लिहितो.

परवा आपण फोनवर बोललो. बोललो म्हणजे मी बोललो आणि तू 'हो, हो, अगदी' म्हणालीस. मी विचारलं, "साताऱ्याला पाऊस कसा आहे?" तू म्हणालीस, "बरा आहे, बंगलोरलाच असतो, कामातून सुटी मिळत नाही." म्हटलं चला, पाऊससुद्धा तुझ्या राजवर्धनसारखा नोकरीला लागला.

त्यावर मी हसलोही. पण हसता हसता माझे कान तुझ्या मागे गेले. मागे तुझा कुकर शिट्ट्या देत होता. तू उठशील म्हणून मी मधे बोलायचं थांबलो. तू उठली नाहीस. चकलीच्या भाजणीत धने किती, ते मला सांगत राहिलीस. शिट्टी होत राहिली. मग तिचा सूर बदलला, कोरडा झाला, पातळ झाला. आतलं पाणी संपत आलं की तसा होतो. मी इथून ओरडलो, "ताई, गॅस बंद कर!" तू म्हणालीस, "हो हो, त्यालाही आशीर्वाद सांग." आणि फोन ठेवलास.

संध्याकाळी पुन्हा लावला, तू उचललास, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

लीलाताई, माझं सगळं आयुष्य भांड्यांचं ऐकण्यात गेलं. दाल बाजारच्या फुटपाथवर बसून स्टोव्हला पिन मारायचो तेव्हापासून. आता माझ्या मुलानं, तरुणनं, सिटी सेंटरला एवढी मोठी दुकान केली आहे, काचेची, थंड हवेची. तरी मी अजून दाल बाजारातच बसतो, कारण तिथे लोक बिघडलेल्या वस्तू आणतात आणि बिघडलेलीच वस्तू बोलते. तेव्हा तुझा कुकर काय म्हणाला ते मला ग्वाल्हेरात ऐकू आलं. तुला साताऱ्यात का नाही आलं, एवढंच विचारायचं आहे.

फोनवर विचारलं असतं तर तू 'हो' म्हणाली असतीस. म्हणून लिहितो.

तुझा,
महिपत

*

सातारा
१५ जुलै २०२४

चि. महिपत,

आशीर्वाद. पत्र मिळालं. बऱ्याच दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून मुंग्या शाईत बुडवून सोडल्यासारखंच आहे.

फोनची लाइन खराब होती. इथे पावसाळ्यात असंच होतं. कुकरचं म्हणशील तर मी मुद्दाम ठेवला होता, हरभरे होते. तुला आपलं दुकानात बसून सगळं जग बिघडलेलं दिसतं. आणि दुकान मोठं होतं रे, मोठी होत नाही. नपुंसकलिंगी आहे ते. साताऱ्याला येऊन माझा जन्म गेला, तुला एवढंही शिकवता आलं नाही.

पण पत्रच लिहीत जा, फोन नको. मेसेजही नको. राजवर्धननं माझा फोन त्याच्या फोनशी जोडून ठेवला आहे, मला आलेलं सगळं त्याला दिसतं. काळजीनं करतो बिचारा. तरीही.

मंदाला आणि तरुण-गरिमाला आशीर्वाद.

तुझी,
लीलाताई

ता. क. कुकरची शिट्टी नवी घेतली तर जुनीपेक्षा आवाज कमी येतो का रे? सहज विचारते.

*

ग्वाल्हेर
२४ जुलै २०२४

ती. लीलाताई,

दुकान मोठं झालं. घे. आता इथे तसं बोललो तर लोक विचारतील, चाचा पुण्याला कधी गेले होते?

परवा एक बाई मिक्सर घेऊन आल्या. विचारलं, काय होतं? "आवाज़ करता है." म्हटलं, कसा? काढून दाखवा. बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "घुर्रर्र-टक. घुर्रर्र-टक." बाजूचा चहावाला हसला, पण मला ती 'टक' पुरली. भांड्याखालचा रबरी तुकडा झिजला होता. मिक्सर उघडावाही लागला नाही. लोक 'घुर्रर्र' मोठ्याने सांगतात आणि 'टक' सहज सोडून देतात. बिघाड बहुतेक 'टक'मध्येच असतो.

तुझ्या पत्रातली 'टक' ता. क. नंतर आली.

नव्या शिट्टीचा आवाज कमी नसतो गं. जास्तच असतो.

तुला आठवतं, लष्कर भागातल्या आपल्या घरी घड्याळ होतं, पण माझ्या आईचा त्यावर विश्वास नव्हता. तिचा भात छोट्या गाडीवर शिजायचा. गाडी वस्तीतून शिट्टी देत गेली की चुलीवरचं पातेलं उतरायचं. गाडी उशिरा आली की आपण सगळे भाताचा गोळा खायचो आणि आई म्हणायची, "आज इंजिन ड्रायव्हरने भात लावला." तू रुळाच्या बाजूच्या भिंतीवर बसून आधीच ओरडायचीस, "काकू, आली!" आम्हाला कोणालाही ऐकू यायच्या आत तुला यायची. घरात तुझ्या कानांना मान होता. माझे कान मी तुझ्याकडे पाहून तयार केले आहेत, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

छोटी गाडी आता बंद झाली. मोठे रूळ घालताहेत.

खरं लिही. मी घरातही कोणाला वाचून दाखवणार नाही, जेवढं तू सांगशील तेवढंच सांगेन.

तुझा,
महिपत

*

सातारा
५ ऑगस्ट २०२४

चि. महिपत,

भिंतीचं लिहून तू मला पकडलंस. तसा तू लहानपणापासून गोड बोलून खिसे तपासणारा.

नाही ऐकू येत. दोन वर्षं झाली असतील. आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग फोनमधली माणसं. डॉक्टर म्हणाले, नस अशक्त झाली आहे, यंत्र लावा. लावलं. त्यात ताटाचा, पंख्याचा, रस्त्यावरच्या गाडीचा, सगळा आवाज एकाच पातेल्यात घातल्यासारखा येतो, माणसाचं बोलणं तेवढं येत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलं. राजवर्धन फोनवर चेहरा दाखवून बोलतो, त्याचे ओठ मला लहानपणापासून पाठ आहेत, म्हणून त्याला कळलेलं नाही.

आणि त्या दिवशी तू ओरडलास, तेव्हा काय झालं ते ऐक. फोन ठेवून मी बाहेरच्या खोलीत निवांत तांदूळ निवडत बसले होते. शेजारची प्रांजली धावत आली. कुकरचा तो छोटा गोल वॉल्व्ह उडाला होता आणि सगळी डाळ छताला, हरभरे नव्हतेच. मोठा आवाज झाला म्हणे, रस्त्यापर्यंत गेला. मी तिथेच होते, मला नुसती जमीन थरथरल्यासारखी वाटली. मी आत असते तर, असं प्रांजली दोनदा म्हणाली. ती तिसऱ्यांदा म्हणणार होती, तेव्हा मी तिच्याकडून शपथ घेतली की राजवर्धनला सांगायचं नाही.

त्याला कळलं तर तो पहिल्या गाडीने येईल, घराला कुलूप लावेल आणि मला बंगलोरला नेईल. गेलं वर्षभर त्याचं तेच चाललं आहे. त्याचं घर छान आहे. तिथे स्वयंपाकाला बाई येते. मी मागे गेले होते तेव्हा ओट्यापाशी उभी राहिले, तर ती बाई अदबीने बाजूला झाली आणि मी बाहेर येईपर्यंत हात पुसत उभी राहिली. त्या घरात मला बसायला सोफा आहे, उभं राहायला जागा नाही. इथे हे गेल्यावर मला माझी चूल राहिली आहे. ती गेली की मी पाहुणी.

पण मला भीतीही वाटते. ते लपवत नाही. त्या दिवसापासून कुकर लावलेला नाही. डाळ उघड्या पातेल्यात शिजवते, समोर पाट घेऊन बसते, उठत नाही. मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेले तरी जीव आत.

एक गंमत सांगू? इथलं काही ऐकू येत नाही म्हणून की काय, हल्ली सगळे आवाज ग्वाल्हेरचेच ऐकू येतात. मिलचा भोंगा. काकू पाट्यावर चटणी वाटायची ती. तू फरशीवर लाटणं घरंगळवायचास ते.

ऐकू न येणाऱ्या बाईने स्वयंपाक करावा का रे? तुझ्या शास्त्रात काय म्हटलं आहे?

तुझी,
लीलाताई

*

ग्वाल्हेर
२१ ऑगस्ट २०२४

ती. लीलाताई,

माझ्या शास्त्रात काहीच म्हटलेलं नाही, हे पाहून मलाच लाज वाटली. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात केली.

रविवारी कानात कापूस कोंबला, वरून मफलर गुंडाळला आणि ओट्यापाशी उभा राहिलो. तुझी भावजय आली. तिचं तोंड हलत होतं, आवाज काही नाही. हे इतक्या वर्षांत आपल्याला सुचलं कसं नाही, असं क्षणभर वाटून गेलं. मग तिने मफलर ओढून कानात सांगितलं, "ऑगस्टमध्ये मफलर? डोकं फिरलं की सर्दी झाली?" तू परवानगी दिली नव्हतीस, पण सांगावं लागलं. मंदानं कढई माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाली, "फोडणी मी नाही घालणार. तुम्हीच घाला, तेव्हा कळेल." सगळं घर मग स्वयंपाकघरात जमलं. मी मोहरी जाळली. दूध उतू घालवलं. गरिमा हसून हसून ओट्याला टेकली. आणि एवढं सगळं झाल्यावर मला कळलं, की मी आजवर स्वयंपाकघर कधी पाहिलंच नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

आता नीट वाच.

मोहरीवर झाकण ठेव आणि झाकणाच्या मुठीवर एक बोट. मोहरी तडतडते ती बोटाला कळते, आणि थांबते तीही कळते. कानापेक्षा स्वच्छ कळते, खोटं नाही सांगत. दुधाच्या पातेल्याला आतून काठाशी तुपाचं बोट फिरव आणि वर लाकडी उलथनं आडवं ठेव. साय वर येऊन तिथे अडते, थोडा वेळ मिळतो. भाजीला उकळी आली का, ते डावाचा दांडा धरलास की हाताला समजतं.

राहिला कुकर. एरवी कुकर करणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. तुझा जो वॉल्व्ह उडाला, तो उडायलाच बनवलेला असतो. त्यात एक मऊ धातू असतो, कुकर फुटायच्या आधी तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. म्हणजे त्या दिवशी बिघाड झाला नाही, त्या छोट्या तुकड्यानं आपलं काम केलं. झाकणाच्या काठाला लांबट खाच असते ना, तीही त्यासाठीच, वाफ फार झाली तर रबर तिथून बाहेर येतं. किती बारीक विचार! पण एवढं करून शेवटी "झालं हो" हे सांगायचं काम त्यांनी सगळं कानावर टाकलं. डोळ्याला सांगणारं काही ठेवलंच नाही.

ते मी केलं. पार्सल उघड. पातळ पत्र्याची फिरकी आहे, सरबताच्या डब्याची. पाती एका बाजूने लाल, एका बाजूने तशीच चकचकीत. तार वाकवून कडी केली आहे, ती ओट्यामागच्या खिळ्याला अडकव, म्हणजे फिरकी बरोबर शिट्टीच्या वर येईल, वीतभर उंच. शिट्टी झाली की वाफ पात्यांवर आदळते आणि ती लाल-पांढरी लाल-पांढरी अशी फिरते. बाहेरच्या खोलीतून दिसते, मागच्या दारातून दिसते. लाल रंग गरिमाचं नेलपॉलिश आहे, वाफेने जात नाही, तपासून पाहिलं. सोबत नवा वॉल्व्ह आणि नवं रबर आहे, आधी ते बसव.

गरिमाने तुला वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. मला वाचू दिली नाही, म्हणाली आमचं दोघींचं आहे.

लावून पाहा आणि लगेच लिही.

तुझा,
महिपत

*

ग्वाल्हेर
१८ सप्टेंबर २०२४

ती. लीलाताई,

पार्सल मिळाल्याची पोच पोस्टाकडून आली, तुझ्याकडून नाही. खिळा दूर पडतो का? तार लहान झाली का? वाफ पोचत नसेल तर फिरकी खाली घे, वाकव, तुटली तर दुसरी करतो. तुझी प्रकृती बरी आहे ना?

एक ओळ लिही. नुसतं 'मिळालं' असं लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
महिपत

*

सातारा
२९ सप्टेंबर २०२४

श्री. महिपतराव यांस,

पार्सल मिळालं. आपण फार त्रास घेतलात.

आपलं पत्र आधी वाचलं आणि मी हसले होते. मफलर, मोहरी, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग सूनबाईंची चिठ्ठी वाचली. त्यांनी निदान आडपडदा न ठेवता लिहिलं. तुमच्या घरात माझ्या निमित्ताने सगळ्यांची करमणूक झाली, हे कळलं. म्हाताऱ्या बहिऱ्या बाईचा तेवढा उपयोग होत असेल तर वाईट वाटून घ्यायचं काय कारण? पण मी विश्वासाने लिहिलं होतं.

फिरकी खोक्यात आहे. कुकर लावत नाही.

राजवर्धनला हो सांगितलं आहे. दिवाळीला तो येईल, भाऊबीज झाली की मी त्याच्याबरोबर जाईन. घराला कोणी चांगला भाडेकरू मिळतो का ते तो पाहतो आहे. बंगलोरचा पत्ता नंतर कळवेन.

लीला

*

ग्वाल्हेर
८ ऑक्टोबर २०२४

लीलाताई,

तुझं 'यांस' आणि 'आपण' वाचून मी दुकानात स्टुलावर बसलो तो दुकान बंद होईपर्यंत उठलोच नाही. तू मला जन्मात 'आपण' म्हटलं नव्हतंस. मी घरी गेलो, गरिमाला बोलावलं. म्हटलं, "चिठ्ठीत काय लिहिलं होतंस? शब्दन् शब्द सांग."

ती घाबरली. "बाबा, चांगलंच लिहिलं होतं. खूप विचार करून लिहिलं."

"काय?"

तिने पाठ म्हणून दाखवलं: "आत्याबाई, तुमच्यासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून खूप चेष्टा केली. बाबांनी तर कानात कापूस घालून केली. आता तुम्ही पण करून बघा."

मंदाच्या हातातली वाटी खाली पडली. गरिमा आमच्या तोंडाकडे बघत राहिली. "काय झालं? चूक आहे?"

ताई, ती इथल्याच हजीरा भागातली पोरगी, माहेरी सगळं हिंदी. शाळेत हिंदीच शिकवते. आमच्या घरात येऊन मराठी बोलायला शिकली, लिहायला अजून शिकते आहे. तुझ्यापुढे आपलं मराठी कच्चं दिसू नये, म्हणून तिने 'कोशिश' लिहिलं नाही. तिला वाटलं, तो बाजारी शब्द, आत्याबाईंना शुद्ध शब्द लिहावा. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. चांगला, संस्कृत, पुस्तकातला शब्द. मराठीत त्याचं काय होतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण आम्ही ग्वाल्हेरचे, आम्ही चेष्टाही हिंदीत करतो. "मला वाटलं संस्कृत शब्द दोन्हीकडे सारखाच असेल," म्हणाली, आणि रडायला लागली. दिवसभर जेवली नाही.

आम्ही सगळ्यांनी तुझ्यासाठी खूप प्रयत्न केला. बाबांनी तर कानात कापूस घालून केला. आता तुम्ही पण करून बघा. एवढंच लिहिलं होतं तिने.

आता हे तुला खरं वाटायचं असेल तर स्वतःचं आठव. नवी नवरी म्हणून साताऱ्याला गेलीस तेव्हा सासूबाईंनी विचारलं, शिकलीस कुठे? तू ताठ मानेने म्हणालीस, "मला शिक्षा ग्वाल्हेरलाच झाली, आणि फार चांगली झाली." त्या माउली महिनाभर भाऊजींना आडून विचारत होत्या, मुलीने केलं काय होतं? हे तूच लिहून कळवलं होतंस, आणि इथे माझ्या आईपासून सगळे लोळून हसले होते. तेव्हाही कोणी तुझी चेष्टा केली नव्हती. म्हणजे, केली होती. पण तशी नाही.

बंगलोरला जायचं तर जा. तुझा मुलगा आहे, चांगला आहे. पण आमच्यावर रागावून जाऊ नकोस. त्या रागाने घर सोडशील तर ते मला प्रत्येक शिट्टीतून ऐकू येत राहील.

तुझा,
महिपत

*

सातारा
११ नोव्हेंबर २०२४

चि. महिपत,

तुझं पत्र मिळालं तेव्हा ओट्याला टेकून खूप वेळ उभी राहिले. मग एकटीच हसले. माझ्या हसण्याचा आवाज मला येत नाही, पण प्रांजली कुंपणावरून डोकावून गेली, म्हणजे मोठ्याने हसले असणार. गरिमाला वेगळं पत्र लिहिलं आहे, तेही आमचं दोघींचं आहे, तू वाचायचं नाहीस.

त्याच दिवशी वॉल्व्ह बसवला, रबर बसवलं, फिरकी टांगली. पहिली शिट्टी झाली तेव्हा मी दारात उभी होते. फिरली रे! लाल-पांढरी. मी आपली टाळ्या वाजवत. मग रोज लावत गेले. डाळ, बटाटे, तुझ्या नावाने एकदा हरभरेसुद्धा.

पण राजवर्धनला हो सांगून बसले होते. तो दिवाळीला आला तो दोन बॅगा घेऊनच. एक त्याची आणि एक रिकामी, माझ्यासाठी. भाडेकरूही ठरला होता. आता कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? ऐकू येत नाही हे सांगायचं, तर तो म्हणणार, मग तर चलच. माझ्या साड्या त्याने बॅगेत भरल्या, बॅग बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली. फिरकी पाहून म्हणाला, "हे काय, आई?" म्हटलं, "महिपतमामाचं काहीतरी."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी म्हणाला, आज वरण-भात मी लावतो, तू तुझं आवर. कुकर चढवला आणि ओट्याकडे पाठ करून लॅपटॉप घेऊन बसला. कानात त्या छोट्या पांढऱ्या गोळ्या घातल्या, ऑफिसचं काही चाललं होतं. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. फिरकी फिरली. म्हटलं, उठेल. थांबली, पुन्हा फिरली. हा मान हलवतो आहे, हसतो आहे, बोटाने पडद्यावर काही दाखवतो आहे. मी दोरीवरची चादर तशीच ओली सोडली. आत गेले, त्याच्या पाठीमागून हात घातला आणि गॅस बंद केला.

तो दचकून उठला. गोळ्या काढल्या. काय म्हणाला ते ओठांवरून कळलं. "आई, तुला बाहेर ऐकू आलं?"

मी म्हटलं, "नाही. मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. तुला येतं ना?"

असं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. तो खाली बसला. मग मी सगळं सांगितलं, जुलैचं, छताचं, तुझ्या ओरडण्याचं, ड्रॉवरमधल्या यंत्राचं. तो रागावला. खूप रागावला. मला काही ऐकू येत नव्हतं हे विसरून चालता चालता बोलत होता. छतावरचा डाळीचा डाग पाहून पुन्हा रागावला. डोळे पुसले. मग काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, कुकर थंड करून त्याने डाळ काढली, नुसतं पाणी घालून पुन्हा चढवला, आणि स्वतः मागच्या दारी जाऊन उभा राहिला. कानांवर दोन्ही हात घट्ट दाबून. फिरकी फिरली तसा आत आला, गॅस बारीक केला, परत बाहेर गेला. असं कितीतरी वेळ चाललं होतं. माझं वरण मात्र राहिलंच, आम्ही उशिरा जेवलो.

जेवताना मला पाटीवर लिहून विचारलं, आणखी काय काय ऐकू येत नाही? मी सांगत गेले, तो लिहीत गेला. दाराच्या बेलसाठी दिवा लावून देतो म्हणाला. भाडेकरूला त्याने काय कळवलं ते मला माहीत नाही.

संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावून बाहेर आले, तर भिंतीला लावलेली बॅग उघडी होती. राजवर्धन माझ्या साड्या परत कपाटात लावत होता. काही बोलला असेल तरी तो माझ्याकडे पाठ करून होता. घड्या सगळ्या चुकल्या आहेत, काठ आत गेले आहेत. मी तशाच राहू दिल्या आहेत.

तुझी,
लीलाताई